जखम की संसर्ग? फायटर माशांविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या काही आठवड्यांत फायटर, म्हणजेच बेट्टा माशांच्या जखमा आणि आजार यांविषयी बरीच पत्रे आली. त्यांपैकी पाच येथे घेतली आहेत. पत्रे वाचताना एक गोष्ट वारंवार जाणवली. बहुतेकांनी औषध आधी आणले आणि पाण्याकडे नंतर पाहिले. म्हणून पहिले उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे. पुढच्या वाचकांनीही ते आधी वाचावे, अशी विनंती आहे.

प्रश्न : माझ्याकडे दोन महिन्यांपासून निळा हाफमून फायटर आहे. टाकी २० लिटरची असून तीत स्पंज फिल्टर आहे, हीटर नाही. तीन आठवड्यांपूर्वी त्याची शेपटी एका ठिकाणी उभी फाटलेली दिसली. आता तिच्या कडा काळपट झाल्या आहेत आणि ती रोज थोडी आखूड होते आहे. दुकानदाराने दिलेली पिवळी पूड मी चार दिवस टाकली आणि रोज सगळे पाणी बदलून स्पंज नळाखाली धुतला. मासा आता तळाशी बसून असतो. औषध बदलावे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : औषध बदलू नये, ते सध्या थांबवावे. आपल्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी एकापाठोपाठ घडलेल्या दिसतात. तीन आठवड्यांपूर्वीची उभी चीर ही जखम होती. आजची काळपट, आखूड होत जाणारी कड हा संसर्ग आहे, ज्याला आपण शेपटी सडणे म्हणतो.

शेपटीची तक्रार तीन प्रकारची असू शकते. कशात तरी अडकून फाटलेल्या पराची चीर सरळ असते, तिच्या कडा स्वच्छ असतात आणि ती एका रात्रीत दिसू लागते. मासा स्वतःची शेपटी चावत असेल, तर कडेला अर्धगोल घास घेतल्यासारखे तुकडे गेलेले दिसतात. हाफमूनसारख्या जड परांच्या माशांत ही सवय अधिक आढळते, कारण तो भार ओढताना ते थकतात आणि बेचैन होतात. सडण्याची खूण या दोहोंहून निराळी असते. कड वेडीवाकडी होते, तिला काळी, लाल किंवा पांढुरकी किनार येते आणि झीज थोडी थोडी करत अंगाच्या दिशेने सरकते. ज्या जिवाणूंमुळे हे होते ते बहुतेक टाक्यांच्या पाण्यात असतातच. निरोगी माशाचा बुळबुळीत थर त्यांना आत येऊ देत नाही. पाणी बिघडले किंवा गारठले की माशाची प्रतिकारशक्ती ढासळते आणि एरवी आपोआप भरून आली असती अशी चीर त्यांना वाट करून देते.

आपल्या टाकीत पाणी बिघडले आणि गारही झाले, असे मला वाटते. फायटर हा मूळचा थायलंड आणि आसपासच्या प्रदेशातील भातखाचरांच्या व दलदलींच्या उथळ, उबदार पाण्यातला मासा आहे. त्याला २५ ते २८ अंश सेल्सियस तापमान मानवते. पुण्यात हिवाळ्यातील रात्री हीटर नसलेल्या टाकीचे पाणी सहज २० अंशांखाली उतरते. त्या गारठ्यात माशाची हालचाल, पचन आणि जखम भरण्याची गती ही तिन्ही मंदावतात. २० लिटरसाठी थर्मोस्टॅट असलेला २५ किंवा ५० वॉटचा हीटर पुरेसा आहे. तापमान मात्र एकदम न वाढवता दिवसाला एक ते दोन अंशांनी वाढवावे.

दुसरी बाब स्पंजची. माशाच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. स्पंजवर वाढलेले उपयुक्त जिवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत ही वसाहत तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात आणि नळाच्या क्लोरिनयुक्त पाण्यात स्पंज पिळला की ती काही मिनिटांत नष्ट होऊ शकते. आपण रोज पाणी बदलून मेहनत घेतलीत, पण त्याच वेळी अमोनिया निवारण्याची यंत्रणा नकळत धुऊन टाकली. शिवाय रोज नव्या तापमानाचे पाणी सोसण्याचा ताण माशावर पडला. स्पंज नेहमी टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळावा.

आता काय करावे ते सांगतो. अमोनिया आणि नायट्राइट मोजण्याचे किट मत्स्यालयाच्या दुकानात मिळते, ते आणावे. दोन्ही शून्य असले पाहिजेत. ते शून्य होईपर्यंत रोज एक चतुर्थांश पाणी बदलावे. नवे पाणी अँटिक्लोरीन घातलेले आणि टाकीतील पाण्याइतकेच कोमट असावे. सोबत मिठाचा सौम्य उपचार करता येईल. गोड्या पाण्यातील माशाच्या अंगात बाहेरचे पाणी सतत शिरत असते आणि मासा ते मूत्रावाटे बाहेर टाकत राहतो. त्वचा फाटली की हे शिरणे वाढते. पाण्यात थोडे मीठ असले की शरीरावरचा तो भार कमी होतो आणि पुष्कळशा जिवाणूंना ते पाणी मानवतही नाही. कोणतेही मिश्रण नसलेले साधे खडे मीठ घ्यावे, लिटरला १ ग्रॅम, म्हणजे आपल्या टाकीला २० ग्रॅम. ते चमच्याने न मोजता स्वयंपाकघरातील काट्यावर तोलावे, एका भांड्यात पूर्ण विरघळवावे आणि दिवसभरात तीन-चार वेळा विभागून घालावे. मिठाची वाफ होत नाही, हे बरेच जण विसरतात. पाणी आटले म्हणून भर घालताना मीठ घालायचे नाही. ५ लिटर पाणी बदलले तरच नव्या पाण्यात ५ ग्रॅम घालायचे. आठ ते दहा दिवसांनंतर मीठ थांबवून नेहमीच्या पाणीबदलात ते हळूहळू कमी होऊ द्यावे. टाकीत जिवंत वनस्पती असतील, तर हा उपचार वेगळ्या डब्यात करावा, कारण अनेक वनस्पतींना मीठ सोसत नाही.

देशी बदामाची वाळून गळलेली पाने कोकणात आणि मुंबईत रस्तोरस्ती मिळतात. औषधफवारणी नसलेल्या झाडाचे तळहाताएवढे एक पान स्वच्छ धुऊन टाकीत सोडावे. पाणी चहासारखे तांबूस होईल, त्याला घाबरू नये. पानातील टॅनिन जिवाणूंना किंचित आवर घालते आणि माशालाही त्या रंगाच्या पाण्यात शांत वाटते. मात्र पान हा आधार आहे, उपचार नव्हे.

पहिली चीर कशाने पडली तेही शोधावे लागेल. नायलॉनच्या जुन्या मोज्याचा तुकडा टाकीतील प्रत्येक शोभेच्या वस्तूवरून फिरवून पाहावा. तो जिथे अडकेल तिथे शेपटीही अडकते. प्लॅस्टिकची झाडे या परीक्षेत बहुधा नापास होतात. मासा हलवताना जाळी वापरू नये, पेला वापरावा.

पाणी सुधारल्यावर आठ-दहा दिवसांत कडेला काचेसारखा पारदर्शक पापुद्रा दिसू लागला, तर तो नवा पर आहे, असे समजावे. काही वाचक त्यालाच बुरशी समजून पुन्हा औषध टाकतात. पूर्ण वाढीला एक-दोन महिने लागतील. झीज अंगापर्यंत पोहोचली किंवा शेपटीच्या मुळाशी लाली दिसली, तर मात्र वाट न पाहता मासे तपासणाऱ्या पशुवैद्याचा सल्ला घ्यावा.

प्रश्न : आमचा फायटर रात्री टाकीतून उडी मारून बाहेर पडला. सकाळी तो फरशीवर धूळ लागलेल्या अवस्थेत सापडला, पण जिवंत होता. एका बाजूचे खवले निघाले आहेत आणि त्याच बाजूचा डोळा धुरकट झाला आहे. घरात विहिरीचे पाणी वापरतो.
— एक वाचिका, चिपळूण

उत्तर : फायटरला कल्ल्यांखेरीज डोक्यात हवेतून श्वास घेण्यासाठी एक घडीदार अवयव असतो, त्यामुळे अंग ओले असेपर्यंत तो पाण्याबाहेर काही काळ तग धरतो. आपल्याकडच्या दमट हवेने त्याला साथ दिली असावी.

अंगावरची धूळ बोटाने किंवा कापसाने पुसू नये, कारण त्यासोबत उरलासुरला बुळबुळीत थरही निघतो. पाण्यातच ती सुटू द्यावी. पाच ते दहा लिटरचा स्वच्छ, पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा घेऊन त्यात वाळू वा दगड न टाकता त्याला एकटे ठेवावे. पाण्याची उंची एक वीतच ठेवावी, म्हणजे अशक्त माशाला श्वासासाठी पृष्ठभागावर यायला श्रम पडणार नाहीत. डबा सच्छिद्र झाकणाने झाकावा. त्यामुळे पाण्यावरची हवा उबदार राहते आणि दुसरी उडीही टळते. पहिल्या उत्तरात दिलेले मिठाचे प्रमाण येथेही चालेल. डब्यात फिल्टर नसल्यास रोज निम्मे पाणी बदलणे अटळ आहे.

खवले निघालेल्या जागी दोन-तीन दिवसांत कापसासारखे तंतू उगवले, तर ती बुरशी होय. ती मेलेल्या पेशींवर प्रथम धरते, म्हणूनच बहुधा जखमेमागून येते. तिच्यावर मिथिलीन ब्ल्यू उपयोगी पडते. बाटल्यांतील द्रावणाची तीव्रता वेगवेगळी असते, म्हणून प्रमाण आपल्या बाटलीवरचेच पाळावे. हे औषध मुख्य टाकीत कधीही ओतू नये, कारण ते फिल्टरमधील उपयुक्त जिवाणूंना आणि वनस्पतींना मारक आहे, शिवाय काचेच्या सांध्यांवर कायमचा निळा डाग पाडते. तंतू आले नाहीत तर औषधाची गरजच नाही.

डोळ्याबाबत : एकच डोळा धुरकट झाला किंवा फुगला, तर कारण बहुतेक मार लागण्याचे असते आणि स्वच्छ पाण्यात तो एक-दोन आठवड्यांत निवळतो. दोन्ही डोळे फुगले तर पाण्याचा किंवा शरीरातील संसर्गाचा संशय घ्यावा. विहिरीच्या पाण्यात क्लोरीन नसते हे चांगले, परंतु पावसाळ्यात विहिरीत बाहेरचे पाणी उतरले की त्याचा पीएच आणि स्वच्छता दोन्ही बदलतात. त्या दिवसांत पाणी आधी एक दिवस भरून, निवळवून घ्यावे.

प्रश्न : फायटरच्या ओठांवर पांढरा कापूस आल्यासारखे दिसते आणि काल पाठीवर फिकट पट्टा उमटला. बुरशीचे औषध तीन दिवस दिले आणि लवकर बरे वाटावे म्हणून तापमान ३० अंशांवर नेले. फरक नाही. घरात टेट्रासायक्लीनच्या कॅप्सूल आहेत, त्यांतील एक फोडून टाकू का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : हे उत्तर आपण वाचाल तोवर कदाचित उशीर झालेला असेल, याचे मला वाईट वाटते. तरीही इतर वाचकांसाठी ते देणे आवश्यक आहे, कारण ही चूक फार मोठ्या प्रमाणात होते.

ओठांवर कापूस आणि पाठीवर खोगिरासारखा फिकट पट्टा, ही जोडी कॉलम्नॅरिस या रोगाची ओळख आहे. तो दिसतो बुरशीसारखा, पण असतो जिवाणूजन्य, म्हणून बुरशीचे औषध त्याला लागू पडत नाही. खऱ्या बुरशीचे तंतू लांब, मोकळे आणि लोकरीसारखे फुललेले असतात. याचा थर आखूड, चिकटलेला आणि राखाडी किंवा पिवळट झाक असलेला असतो. बुरशी दिवसांनी वाढते, तर तीव्र कॉलम्नॅरिस एक-दोन दिवसांतही मासा नेतो. शिवाय हा जिवाणू उबेत अधिक वेगाने वाढतो. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगात तापमान वाढवण्याचा सल्ला बरोबर असतो, कारण तिथे परजीवीचे जीवनचक्र लवकर पूर्ण होऊन तो पाण्यात मोकळा पोहू लागतो आणि औषधाच्या तडाख्यात येतो. तोच सल्ला येथे घातक ठरतो. कॉलम्नॅरिसचा संशय येताच तापमान हळूहळू २४ अंशांच्या आसपास आणावे, मासा वेगळा काढावा, पाणी बदलावे आणि लिटरला २ ग्रॅमपर्यंत मीठ टप्प्याटप्प्याने द्यावे.

या रोगात प्रतिजैविकाची गरज खरोखरच पडू शकते आणि म्हणूनच ते अंदाजाने देऊ नये. माणसाच्या कॅप्सूलमधील मात्रा काही लिटर पाण्यासाठी कशी विभागायची, हे घरी ठरवता येत नाही. टेट्रासायक्लीन कठीण पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमशी बांधले जाते आणि मग माशापर्यंत पुरेसे पोहोचत नाही. प्रकाशात ते विघटित होते आणि पाणी तांबूस-तपकिरी होते. अपुऱ्या मात्रेतून वाचलेले जिवाणू त्या औषधाला जुमानेनासे होतात आणि तेच पाणी पुढे आपल्या गटारात जाते. मात्रा आणि दिवस दोन्ही पशुवैद्याने ठरवावेत. सर्वच पशुवैद्य मासे तपासत नाहीत, म्हणून जाण्यापूर्वी फोन करून विचारावे आणि ओठांचे व पाठीचे स्पष्ट छायाचित्र, टाकीचे माप आणि पाण्याच्या चाचण्यांचे आकडे सोबत न्यावेत. फिल्टरमध्ये कार्बन असेल तर उपचाराच्या काळात तो काढावा, नाहीतर औषध तोच शोषून घेतो.

सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः एका आजारी फायटरच्या टाकीत एकाच दिवशी तीन औषधे घातली होती आणि तो मासा रोगाने गेला की औषधांनी, हे मला आजही सांगता येत नाही. तेव्हापासून एका वेळी एकच औषध, हा नियम मी मोडलेला नाही.

प्रश्न : मासा पर आवळून बसतो, दगडावर अंग घासतो आणि अंगावर हळद भुरभुरल्यासारखे काही दिसते. हा रंगाचाच भाग आहे का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : खोलीतील दिवे बंद करून टॉर्चचा झोत बाजूने टाकावा. सोनेरी किंवा गंजासारखी बारीक पूड चमकली, तर तो मखमली रोग आहे. त्याचा परजीवी काही प्रमाणात वनस्पतीसारखा प्रकाशावर जगतो, म्हणून डबा काळ्या कापडाने झाकून ठेवणे हा उपचाराचाच भाग आहे. सोबत मीठ आणि तांबेयुक्त किंवा ॲक्रिफ्लेविन असलेले तयार औषध वेष्टनावरील मात्रेने द्यावे. तांब्याने गोगलगायी आणि झिंगे मरतात, ते त्या पाण्यात नसावेत. पूड दिसेनाशी झाली तरी औषधाचा क्रम पुरा करावा, कारण टाकीच्या तळाशी असलेल्या परजीवीच्या कोषांवर औषध चालत नाही. त्यांतून बाहेर पडणारी पिल्लेच त्याने मरतात. रोग कुठून आला हे शोधताना जिवंत अळ्यांचे खाद्य आठवून पाहावे. नाल्यांतून गोळा केलेल्या ट्युबिफेक्स अळ्या अनेक रोग घेऊन येतात.

प्रश्न : माझ्या दहा वर्षांच्या मुलाचा फायटर फुगला आहे आणि वरून पाहिल्यास त्याचे खवले उभे राहिलेले दिसतात. तीन दिवस त्याने काही खाल्लेले नाही. मुलगा रोज विचारतो, तो बरा होईल ना? त्याला काय सांगू?
— एक वाचिका, नाशिक

उत्तर : खरे सांगावे. उभे राहिलेले खवले ही जलोदराची खूण आहे. जलोदर हा स्वतंत्र रोग नसून मूत्रपिंडे पाणी बाहेर टाकू शकत नाहीत, याचा तो परिणाम आहे आणि खवले उभे राहीपर्यंत आतले नुकसान बहुधा फार झालेले असते. थोडे मासे वाचतात, बहुतेक वाचत नाहीत. नुसते पोट फुगले आणि खवले सपाट असतील, तर ती बद्धकोष्ठता असू शकते आणि दोन दिवसांच्या उपवासाने ती उतरते. आपल्या पत्रातील वर्णन तसे नाही.

प्रयत्न करायचा असेल तर उथळ, उबदार डब्यात एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, ५ लिटरला १ ग्रॅम या प्रमाणात द्यावे. त्याने अंगातील पाणी काही अंशी बाहेर पडून सूज हलकी होऊ शकते. येथे साधे मीठ सोबत घालू नये. चार-पाच दिवसांत काहीच सुधारणा नसेल, मासा आडवा पडून श्वासासाठी वर येऊ शकत नसेल, तर त्याचे हाल थांबवणे हा दयेचा निर्णय आहे. पशुवैद्याकडे नेणे शक्य नसल्यास लवंगाचे तेल वापरतात. कोमट पाण्याच्या छोट्या बाटलीत तेलाचे थेंब घालून ते दुधाळ होईपर्यंत हलवावे, आधी थोडेसेच हळूहळू सोडून मासा निद्रिस्त होऊ द्यावा आणि तो हलायचा थांबल्यावर लिटरला एकूण १० थेंब होतील एवढे उरलेले द्रावण सोडावे. कल्ल्यांची हालचाल थांबल्यानंतरही अर्धा तास त्याला त्याच पाण्यात राहू द्यावे. जिवंत मासा शौचालयात सोडणे किंवा बर्फाच्या कप्प्यात ठेवणे क्रूर आहे, ते करू नये. मुलाला यातले किती दाखवायचे ते आपण ठरवावे, पण मासा हरवला किंवा कुणाला दिला, असे त्याला सांगू नये. त्याने तीन दिवस रोज विचारले आहे, त्याला खरे उत्तर मिळाले पाहिजे.

एक काळजी मात्र आजपासूनच घ्यावी. माशांत क्षयासारखा एक जीर्ण रोग असतो. त्याचे जिवाणू हाताच्या खरचटलेल्या जागेतून माणसाच्या त्वचेत शिरून महिनोन्महिने न भरणारी गाठ किंवा फोड निर्माण करू शकतात. जलोदराचे मूळ कधी कधी तेच असते. हाताला जखम असताना मुलाने टाकीत हात घालू नये, मोठ्यांनीही हातमोजे घालावेत आणि तोंडाने नळी ओढून पाणी काढू नये. नंतर बोटावर बरा न होणारा फोड आला, तर डॉक्टरांना घरात मत्स्यटाकी आहे हे आवर्जून सांगावे.

नवा मासा लगेच आणू नये. जुना स्पंज आणि वाळू टाकून द्यावी. टाकी आणि हीटर ब्लीचच्या सौम्य द्रावणाने धुऊन, भरपूर पाण्याने खळबळवून, अनेक दिवस कडक उन्हात कोरडे होऊ द्यावेत. मग टाकी भरून, अँटिक्लोरीन घालून, नव्या स्पंजवर जिवाणूंची वसाहत तयार होऊ द्यावी. त्या चार-सहा आठवड्यांत चिमूटभर खाद्य टाकून अमोनिया आणि नायट्राइट मोजण्याचे काम मुलाकडे द्यावे आणि वहीत रोजचे आकडे लिहायला सांगावेत. खाद्य घालूनही दोन्ही आकडे सलग आठवडाभर शून्य राहिले, की त्याने दुकानात जाऊन मासा निवडावा.